पक्ष्यांची साक्ष

नीतीचा एखादा प्रश्न अडला म्हणजे स्मृतिग्रंथांकडे धांव घेण्याची आपल्या समाजाची जुनी संवय आतां बरीचशी सुटली आहे. परंतु तिच्या जागीं दुसरी एक संवय येऊन बसली आहे. ती म्हणजे निसर्गाची साक्ष काढण्याची. मनु-याज्ञवल्क्यांस न मानणारीं माणसेंही 'पशुपक्ष्यांत पहा' असें कोणीं म्हटलें कीं मुकाट्यानें मान डोलावतात. हा साक्षीदार कितपत विश्वासार्ह आहे, याचा विचार करण्याचा प्रसंग गेल्या हिंवाळ्यांत आमच्यावर आला. त्यांत आमच्या स्वतःच्या वागणुकीचाही झाडा द्यावा लागणार असल्यामुळें तो सांगावयास थोडा संकोच वाटतो. तथापि तो सांगितल्यावांचून प्रश्नाचें स्वरूप वाचकांच्या ध्यानांत येणार नाहीं.

बुलढाणा जिल्ह्यांतील ज्या लहानशा गांवीं आमचें वास्तव्य आहे, तेथें आमच्याच आळींत कांहीं वर्षांच्या अंतरानें दोन कुटुंबांवर घाला पडला. एका घरीं गृहिणी वारली. दुसऱ्या घरचा कर्ता पुरुष गेला. पहिल्या घरच्या गृहस्थांनीं आठव्या महिन्यांत पुनः लग्न केलें. 'घर उघडें पडलें होतें, मुलांचे हाल होत होते; बरें झालें,' असें म्हणत सारी आळी पंगतीस बसली, व तींत आम्हीही होतों. दुसऱ्या घरच्या बाई शाळेंत शिक्षिका आहेत. मुलीचें शिक्षण आणि आजारी सासूची शुश्रूषा त्यांनीं सहा वर्षें एकटीनें सांभाळली. सासूबाई निवर्तल्यावर आणि मुलगी नोकरीस लागल्यावर, आपल्याबरोबर शिकविणाऱ्या एका गृहस्थांशीं नोंदणी पद्धतीनें विवाह करण्याचें त्यांनीं ठरविलें. त्याच आळीनें या वेळीं खिडक्या लावून घेतल्या. आम्हांस निमंत्रण होतें. 'उत्तरपत्रिका तपासावयाच्या आहेत,' असा निरोप आम्हीं पाठविला.

त्याच आठवड्यांत एका सेवानिवृत्त वकील स्नेह्यांबरोबर व आमच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या एका तरुण अध्यापकांबरोबर आम्ही लोणारास गेलों होतों. लोणारचें विवर उल्कापातानें काळ्या पाषाणांत निर्माण झालेलें असून त्याचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर आहे. २०२० सालीं रामसर कराराखालीं आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांत त्याची गणना झाली. हिंवाळ्यांत तेथील खाऱ्या पाण्यावर दूरदूरचीं बदकें उतरतात, त्यांत नारिंगी अंगाचे चक्रवाकही असतात. आम्ही उतार उतरून कांठाशीं आलों, तों त्यांचीं दोन-तीन जोडपीं उथळ पाण्यांत शेजारीं शेजारीं उभीं होतीं. वकीलसाहेब थांबले. "पहा," ते म्हणाले, "रात्रभर ताटातूट झाली तरी चक्रवाकी दुसऱ्याचें नांव घेत नाहीं. पांखराला जें कळतें, तें आपल्या आळींतल्या शिकलेल्या बाईला कळूं नये!"

तेवढ्यांत कड्याच्या अंगानें एक करडा पक्षी बाणासारखा खालीं आला आणि पाण्यावरचा सारा थवा एकदम उठला. शिकार साधली नाहीं. पक्षी पुनः वर चढला व एका वठलेल्या झाडावर जाऊन बसला. "बहिरी ससाणा," अध्यापक म्हणाले. "वकीलसाहेब, आतां याचीही साक्ष घ्यावी लागेल."

परततांना त्यांनीं जें सांगितलें, त्याचा सारांश असा. बहिरी हा झेप घेतांना ताशीं ३०० किलोमीटरांहून अधिक वेग गांठणारा पक्षी आहे. त्याची शाहीन नांवाची एक उपजात आपल्या देशांत बारमाही राहते व डोंगरकड्यांवर वीण करते. दुसरी उत्तर ध्रुवाजवळच्या ओसाड प्रदेशांतून हिंवाळ्यापुरती इकडे येते. यांच्यांत मादी नरापेक्षां बरीच मोठी असते. विणीच्या दिवसांत नर कड्यासमोर आकाशांत कसरती करतो, शिकार आणून मादीस देतो, आणि कित्येकदां ती हवेंतच उलटी होऊन त्याच्या पंजांतून भक्ष्य घेते. कपारीवर दोघें समोरासमोर मान लववितात. घरटें असें नाहींच. माती किंवा खडी उकरून केलेल्या खळग्यांत बहुधा ३ ते ४ अंडीं असतात. महिनाभर तीं उबविण्याचें काम मुख्यत्वें मादी करते. नर तिला व पुढें पिल्लांना पोसतो, आणि मधून मधून स्वतःही अंड्यांवर बसतो. तेंच जोडपें वर्षानुवर्षें त्याच कड्यावर दिसतें. येथपर्यंत ऐकून वकीलसाहेबांची कळी खुलली होती.

परंतु याला दुसरी बाजू आहे. जोडप्यांतील एक मेला, तर दुसऱ्याचा संसार थांबत नाहीं. आसपास जोडीदाराविना व कड्याविना भटकणारे ससाणे असतात; त्यांतील एखादा कित्येकदां थोड्याच दिवसांत रिकामी जागा भरून काढतो. कधीं परकी मादी येऊन घरधनिणीशीं झुंजते, तिला हुसकावते, प्रसंगीं ठारही करते. आणि जी जिंकेल तिच्याबरोबर नर संसार पुढें चालवितो. उत्तरेकडून येणाऱ्या जोडप्यांचा तर हिंवाळाही वेगवेगळा जातो. झाडावर एकट्याच बसलेल्या त्या पक्ष्याचा जोडीदार त्या वेळीं कदाचित् शेंकडों कोसांवर असेल. विणीच्या हंगामीं दोघें आपापल्या वाटेनें त्याच जागीं परततील आणि तेथें त्यांची गांठ पडेल. म्हणजे त्यांना ओढ असते ती जोडीदाराइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, त्या कपारीची. "तेव्हां वकीलसाहेब," अध्यापक हंसून म्हणाले, "निसर्ग पुनर्विवाहाच्या बाजूचा आहे!"

वकीलसाहेब गप्प झाले, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांस बरें वाटलें. परंतु घरीं येऊन विचार करूं लागलों, तेव्हां दोन्ही वकिली सारख्याच लंगड्या दिसूं लागल्या.

एकाच सरोवरावर दोन साक्षीदार, आणि दोघांच्या जबान्या परस्परविरुद्ध! याचा अर्थ एवढाच कीं आपण निकाल अगोदर ठरवितों आणि साक्षीदार मागाहून निवडतों. चक्रवाकाचीं जोडपीं दीर्घकाळ टिकतात हें खरें. पण रात्रीं त्यांची ताटातूट होते, हें म्हणणें पक्षिशास्त्राचें नसून काव्याचें आहे. बरें, काव्यांत तरी काय होतें? तेथें दोन्ही तीरांवर दोघेंही आक्रोश करतात. आमच्या आळींत मात्र तो दाखला एकट्या चक्रवाकीस लागू झाला. आठव्या महिन्यांत बोहल्यावर चढलेल्या चक्रवाकाच्या पंगतींत हेच वकीलसाहेब जिलबीचा आग्रह करीत होते, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे.

हा भेद नवा नाहीं. १८५६ च्या कायद्यानें हिंदु विधवेच्या विवाहास मान्यता दिली होती; तरीही १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं गोदूबाईंशीं विवाह केला, तेव्हां मुरुडच्या गांवकऱ्यांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला. कर्वे स्वतः विधुर होते, हा त्यांचा अपराध नव्हता. त्यांनीं एखाद्या कुमारिकेशीं लग्न केलें असतें, तर कोणासही कांहीं वावगें वाटलें नसतें. वधू विधवा होती, एवढाच काय तो गुन्हा!

बहिरीची साक्ष काढणाऱ्यांचीही वाट निसरडी आहे. बहिरी नवा जोडीदार पत्करते म्हणून पुनर्विवाह योग्य, असें एकदां म्हटलें, कीं ती दुसरीस हुसकावून तिची कपार बळकावते, तेंही योग्य म्हणावें लागेल. पक्षी पाप करीत नाहीं, म्हणून पुण्यही करीत नाहीं. निष्ठा हा गुण ठरावयाचा, तर ती न पाळण्याची मोकळीक आधीं असावी लागते. शिकारीसाठीं पाळलेल्या बहिरीच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवितात. टोपीखालीं तो पक्षी हातावर निमूट बसून राहतो. पण त्यास कोणी स्वामिनिष्ठ म्हणत नाहीं. लोकलज्जेची टोपी चढविलेल्या विधवेच्या निमूटपणास मात्र आपण पिढ्यान्‌पिढ्या पातिव्रत्य म्हणत आलों.

येथें कोणी विचारील, मरणानंतरही टिकणारी निष्ठा माणसास शोभत नाहीं काय? अवश्य शोभते. गेलेल्याच्या स्मरणांत उरलेलें आयुष्य समाधानानें काढलेले स्त्रीपुरुष आमच्या पाहण्यांत आहेत, व त्यांच्यापुढें आम्ही नम्र आहों. परंतु तें व्रत आहे, आणि व्रत ज्याचें त्यानें घ्यावयाचें असतें. शेजाऱ्यांनीं लादावयाचें नसतें. विवाहाचें वचन जिवंत माणसास दिलेलें असतें व मृत्यूबरोबर तें पुरें होतें. मागें उरतें तें ऋण: मृताच्या आईचें, त्याच्या मुलांचें, त्याच्या नांवाचें. नव्या नरास कपार मिळाली कीं पक्ष्यांच्या संसारांतला जुना हिशेब संपतो. माणसाचा तसा संपत नाहीं, आणि माणसाची निष्ठा पारखावयाची ती या ठिकाणीं. त्या बाईंनीं सहा वर्षें सासूचें अंथरूण आवरलें, मुलीस स्वतःच्या पायांवर उभें केलें, आणि मग स्वतःचा विचार केला. आळींतील ज्यांनीं खिडक्या लावल्या, त्यांपैकीं कितीजणांच्या खात्यावर एवढी फेड जमा असेल?

राहतां राहिला आमचा झाडा. त्या उत्तरपत्रिका आम्हीं निरोप पाठविण्यापूर्वीं दोन दिवस आधींच तपासून परत केल्या होत्या. आम्ही वर्गांत सुधारकांचे निबंध शिकवितों. घरीं मात्र आळी काय म्हणेल या भीतीनें एका सज्जन स्त्रीच्या विवाहास गेलों नाहीं. वकीलसाहेबांनीं निदान आपलें मत उघड बोलून दाखविलें. आम्हीं तेवढेंही केलें नाहीं.

येत्या रविवारीं आम्ही सपत्नीक त्यांच्याकडे जाणार आहों. इतक्या उशिरा आल्याबद्दल काय बोलावें, हें अद्याप सुचलेलें नाहीं. आणि त्या बाबतींत कोणत्याही पक्ष्याची साक्ष आमच्या उपयोगी पडेल, असें वाटत नाहीं.