गोठा आणि माजघर

शेतकऱ्याच्या घरचे मूल कुपोषित राहिले, की आपण शिकलेली माणसे चटकन निकाल देऊन मोकळे होतो : अडाणीपणा! मला हा निकाल कधीच पटलेला नाही. कुणाला काय खाऊ घातले म्हणजे अंग धरते, हे ज्याला कळत नाही त्याने गुरे राखावीत तरी कशी?

त्याच्या गोठ्यात डोकावून पाहा. म्हैस व्यायला झाली, की तिला आटवतात, सरकीची पेंड आणि भरडा हात राखून न ठेवता घालतात. वासरू जन्मले, की आधी त्याच्या पोटात चीक जातो. चिकावाचून वासरू तगत नाही, हे घरातले शेंबडे पोरही सांगेल. वैद्यकशास्त्र तरी याहून निराळे काय सांगते?

आता गोठ्यातून माजघरात या. तिथे सून गरोदर आहे. ‘बेताने खा, मूल वाढले तर बाळंतपण जड जाईल,’ असे तिला अजूनही काही घरांत बजावतात. तिचा स्वतःचा चीक वाईट म्हणून पिळून टाकतात आणि बाळाला मध चाटवतात. घर तेच, माणसे तीच! मग उंबरठा ओलांडताना ते शहाणपण कुठे गळून पडते?

ही समजूत निव्वळ खुळी होती, असे मी म्हणणार नाही. दवाखाना कोसांवर आणि वाहन बैलगाडी, अशा काळी अडलेल्या बाळंतिणीची भीती खरीच होती. पण त्या भीतीवरचा उपाय तिच्याच ताटातून काढला गेला. म्हशीला घातलेली पेंड डेअरीच्या हिशेबात रुपये होऊन परत येते. सुनेने खाल्लेला घास कोणत्याच वहीत दिसत नाही. म्हणून ती सर्वांना वाढून शेवटी बसते आणि उरलेसुरले खाते. ज्ञान घरात आहे. तिचा मान तेवढा घरात नाही.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांमागे सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. अंगणवाड्या १९७५ पासून आहार देत आल्या आहेत आणि तो हवाच. पण घरातल्या पंगतीचा क्रम अंगणवाडीच्या पळीने कसा बदलावा?

आणि ही पंगत काय एका घराचीच आहे? तूर पिकवणारा कर्जापायी तूर विकतो, दूध डेअरीत घालतो, अंडी बाजारात धाडतो. सून घरात जिथे बसते, तिथेच तो समाजाच्या पंगतीत बसतो. सर्वांना वाढून, शेवटी.

वसुबारसेला आपण सवत्स धेनूची पूजा करतो. अनेक घरांत त्या दिवशी बायका दुधाला शिवत नाहीत. ते वासराचे, असे मानतात. वासराचा वाटा ज्यांना इतका स्वच्छ कळतो, त्यांना वाढणारणीचा वाटा कळणे अवघड नाही. यंदा फराळाचे पहिले ताट तिच्यापुढे ठेवून पाहावे.