गुरुवारची सुट्टी आणि भामचंद्र

दसऱ्याला चाकणच्या कारखान्यांत मशिनींना झेंडूच्या माळा चढतात, कंट्रोल पॅनलवर हळदीकुंकवाची बोटं उमटतात, पेढे वाटले जातात. मग पहिल्या पाळीला तेच मशीन आणि तेच टार्गेट. ‘काम हीच पूजा’ ही पाटी अशा ठिकाणी शोभून दिसते. ती खोटी नाही, पण कोणाच्या सोयीची आहे, हे विचारायला हवं.

पाटीमागचा विचार जुना आहे. 1290 साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात आपल्या वाट्याचं कर्म हीच ईश्वराची पूजा मानली आहे. अरणच्या सावता महाराजांनी तो मळ्यात जगून दाखवला. पण त्याच ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउली ध्यानासाठी निवांत, वर्दळीपासून दूर असलेल्या जागेचं इतकं रसाळ वर्णन करतात की वाचणाऱ्याने उठून तिकडे निघावं. पाटी लावणारे अठरावा अध्याय घेतात, सहावा सोडतात.

सहावा अध्याय जगला तो देहूचा एक दुकानदार. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. 1630 च्या सुमाराचा दुष्काळ आला, पहिली बायको गेली, मूल गेलं, धंदा बसला. तेव्हा ते कामात बुडाले नाहीत. भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. पंधरा दिवसांनी धाकटा भाऊ कान्होबा शोधत आला, अशी आठवण परंपरेने जपली आहे. तुकोबांनी कर्जखतांची वाटणी केली. भावाच्या वाट्याची त्याला दिली, स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. देवाजवळ जायचं तर हातातलं काहीतरी खरोखर खाली ठेवावं लागतं, हे इतक्या रोखठोकपणे क्वचितच कुणी केलं असेल. आज त्याच भामचंद्राच्या परिसरापर्यंत एमआयडीसी येऊन ठेपली आहे.

या कथेतलं एक माणूस मात्र आपण सोयीने विसरतो. तुकोबा भंडारा डोंगरावर रमले की त्यांची दुसरी बायको जिजाई भाकरी घेऊन वर चढायची. एकदा पायात काटा मोडला, तो विठ्ठलाने काढला म्हणतात. तिच्या फटकळ तोंडाच्या गोष्टी कीर्तनात हशा पिकवतात. मला त्यात हसण्यासारखं फारसं दिसत नाही. एकाच्या एकांताची किंमत दुसऱ्याच्या पायपिटीने भरली जात होती, आणि ती ते बोलून दाखवत होती.

पुढे तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये पालखी सुरू केली, आणि देवाची जवळीक गर्दीत, चालता चालताही साधता येते हे दिसलं. वारीत बायका स्वतः चालतात, कुणाची भाकरी पोचवायला नव्हे. त्या पालखीचा आकुर्डीचा मुक्काम कारखान्यांच्या शेजारीच असतो.

कारखान्यांच्या या पट्ट्यात अनेक ठिकाणी साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेचा भार वाटला जावा म्हणून पडलेली ही रीत. योगायोगाने दत्ताचा वार कामगाराच्या पदरात पडला. पण तो वार ओव्हरटाइम, दळण आणि गाडीच्या सर्व्हिसिंगमध्ये जातो. बाईला तर तेवढीही सुट्टी नसते, कारण त्या दिवशी सगळे घरी जेवायला असतात.

येत्या गुरुवारी भामचंद्रावर किंवा भंडाऱ्यावर जाणार असाल, तर डबा आदल्या रात्री स्वतः भरा. आणि पुढच्या गुरुवारी घर तुम्ही सांभाळा, तिला जाऊ द्या.