आधी सवंगडी हवेत

दौंड तालुक्यातल्या यवतसारख्या गावात डोळस पोराला क्रिकेट कुणी मुद्दाम शिकवत नाही. टेनिसचा चेंडू घेऊन दहा-बारा जण जमतात, त्यांच्यात तो आपोआप तयार होतो. त्याच गावातल्या अंध मुलाचे कान तल्लख असतील, मनगटात जोर असेल. पण त्याच्याबरोबर खेळणारं दुसरं अंध पोर गावात बहुधा नसतं. धावपटूला एका सोबत्यावर सराव करता येतो. सांघिक खेळाला संघच लागतो. म्हणून अंध खेळाडूची वाट गुणांची परीक्षा होण्याआधीच अडते.

अंधांच्या क्रिकेटमध्ये अकरापैकी किमान चार खेळाडू पूर्ण अंध असावे लागतात. गोलंदाज ‘रेडी?’ विचारतो, फलंदाज ‘येस’ म्हणतो, मग ‘प्ले’ म्हणत छर्रे भरलेला प्लास्टिकचा चेंडू खुळखुळत जमिनीलगत येतो. पूर्ण अंध फलंदाजाची धाव दुप्पट धरतात. पूर्ण अंध क्षेत्ररक्षकाने एका टप्प्यानंतर घेतलेला झेलही चालतो. याला कुणी सवलत म्हणेल. मला यात शहाणपण दिसतं: ज्याला काहीच दिसत नाही, त्याच्यावाचून इथं संघच होत नाही. गावात ज्याला ‘तू कडेला बस’ म्हणतात, तो इथं सामना फिरवू शकतो.

नोव्हेंबर 2025 मध्ये कोलंबोत अंध महिलांचा पहिला टी-20 विश्वचषक भारताने नेपाळला हरवून जिंकला. उपकर्णधार गंगा कदम महाराष्ट्राची. शेतकरी वडिलांनी तिला अंधशाळेत घातलं. अशी शाळा शिक्षणाबरोबर सवंगडीही देते. पण त्यासाठी गाव सोडावं लागतं.

पुढे प्रश्न पोटाचा. शेखर नाईक यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या अंध संघाने 2012 मध्ये टी-20 आणि 2014 मध्ये एकदिवसीय विश्वचषक जिंकला. 2017 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र हा खेळ बीसीसीआय चालवत नाही आणि पॅरालिम्पिकमध्ये क्रिकेट नाही. त्यामुळे तिथला पैसा आणि तिथली बक्षिसं, दोन्ही या खेळाडूंच्या वाट्याला येत नाहीत.

सगळं गावाच्या हाती नाही, पण सुरुवात आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने खेळातला सहभाग ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव असतो. दौंड आणि शिरूर तालुक्यांतली अंध मुलं महिन्यातून एकदा यवतला एकत्र आणायला त्यातला थोडा पैसा पुरेल. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा आणि ठराव लिहून घ्या.