पोर कुणाचा?

काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला मी सही करून त्याच्या आईच्या हाती दिला. टोळक्यात सामील होऊन त्याने शेजारच्या वाड्यावरील मुलाला बेदम मारले होते. ती माउली एवढेच म्हणाली, “सर, दिवसा तो तुमच्याकडे, रात्री वाड्यावर. माझा होता कधी?”

प्रश्न जुनाच आहे. शिकागो शहरात क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी बालन्यायालयात आलेल्या मुलांची घरे नकाशावर मांडली. १९४२ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. काही वस्त्यांतून जुनी माणसे गेली, दुसऱ्या देशांतली आली, तरी गुन्ह्यांचे प्रमाण तिथेच चढे राहिले. म्हणजे दोष वंशाचा नव्हता, वस्तीची घडी विस्कटल्याचा होता. आपल्या मुंबईतही तेच घडले. जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले; पुढे अनेकांचे काम कायमचे सुटले आणि गिरणगावातल्या बेकार पोरांतून टोळ्यांना माणसे मिळाली.

आपल्याकडे तशा टोळ्या नाहीत, टोळकी आहेत, असे आपण समाधान मानतो. पण डिचोलीत २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ट्रक अंगणात उभे राहिले आणि कर्ते बाप खाली मान घालून बसले. पेडण्यात उलटे. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. त्याच्या आगेमागे जमिनींना भाव आले आणि पोरांच्या हाती मोटारसायकली आल्या. एकीकडे पैसा आटला, दुसरीकडे अचानक आला. वडीलधाऱ्यांची नजर मात्र दोन्हीकडे वाड्यावरून उठली. पूर्वी तिठ्यावर उभ्या पोराला कोणीही काका हटकत असे. आज “आपल्याला काय त्याचे?” म्हणून आपण पुढे जातो.

मग मुलगा निर्दोष का? नाही. त्याच वाड्यावरची दुसरी मुले भजनाला बसतात, दशावतारात उभी राहतात. हात उगारणारा तोच होता. परिस्थितीमुळे त्याचा दोष पुसला जात नाही. पण त्यात वाटेकरी वाढतात, आणि मी त्यांतला एक आहे. टोळक्याने त्याला जागा दिली, मी असलेली काढून घेतली. पुढे मी त्याच्या घरी गेलो, पण तो शाळेत परतला नाही.

दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असतो. त्याची मी भरली. वाड्याची आणि माझी लिहायला तिथे जागा नव्हती.