शिकून समाजासाठी काय करणार?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या पोडावरून आश्रमशाळेत, तिथून वसतिगृहात आणि मग आयटीच्या वर्गात पोचलेल्या कोलाम किंवा गोंड मुलाला हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. सत्कारात, मुलाखतीत, कधी लग्नाच्या पंगतीतही.

मीही याच जिल्ह्यातला. इंजिनीअरिंग केलं, हिंजवडीत नोकरी लागली, घरच्यांनी पेढे वाटले. समाजाचं काय, असं मला कुणी विचारलं नाही. माझी शाळा अनुदानित होती, म्हणजे सार्वजनिक पैसा माझ्यावरही खर्च झालाच होता.

लोक म्हणतात, त्याला वसतिगृह मिळालं, स्वयम् योजनेचे पैसे मिळाले, मग परतफेड नको? पण संविधानाच्या कलम 46 मध्ये दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या शिक्षणाची विशेष काळजी घ्यायला सांगितलंय ते राज्याला. तिथे विद्यार्थ्याच्या नावावर कर्ज मांडलेलं नाही.

इथवर सोपं आहे. अवघड भाग भाषेचा आहे.

बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी 1918 मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. ती युनिकोडमध्ये आली 2017 साली. पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादमधल्या गुंजाळा गावाच्या नावाची दुसरी गोंडी लिपी 2018 मध्ये आली. 2025 मध्ये केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' हे भाषांतराचं ॲप आणलं. सुरुवातीच्या भाषांत संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी होत्या. कोलामी नव्हती. 2011 च्या जनगणनेत कोलामी बोलणारे सव्वा लाखाच्या आसपास. गोंडीही सगळीकडे सारखी नाही. छत्तीसगडची वेगळी, आपल्याकडची वेगळी. मशीनने केलेलं वाक्य ऐकून 'आमच्याकडे असं नाही म्हणत' एवढं सांगायलाही ती भाषा घरात ऐकलेलं माणूस लागतं. त्याला कोडही येत असेल, तर अशी माणसं फारच थोडी.

मग त्याच्यावर जबाबदारी येत नाही का? विहिरीत कुणी बुडत असेल आणि काठावर पोहता येणारा एकटाच असेल, तर त्याने उडी मारायलाच हवी, हे मलाही पटतं. फक्त ही विहीर दोन मिनिटांची नाही. शाळेत पोराची भाषा शिरू दिली नाही, वर्गात हसले, तेव्हापासून ती खोदली जातेय. कठडा कुणी बांधला नाही, हे विचारायचं सोडून सगळे त्या एकट्याकडे बघत बसतात.

शिवाय आमच्या धंद्यात डेटा तपासणं, वाक्यांना लेबलं लावणं हे पगारी काम आहे. इंग्रजीसाठी पैसे मोजतात. कोलामीचं नाव निघालं की ते एकदम 'सेवा' का होतं? ते काम हवं असेल तर पद काढा, पगार ठरवा, मग एखादा म्हणेल हो, एखादा म्हणेल नाही. 'नाही' म्हणून बंगळुरूला गेम बनवायला गेलेल्या पोरीने समाज सोडला, असं म्हणणाऱ्याला मी आधी त्याच्या स्वतःच्या पोराचा पत्ता विचारीन. बहुतेक वेळा तो पिनकोड यवतमाळचा नसतो.

तिकडे वसतिगृहात एखादी कोलाम पोरगी भेटली, तर विचारावंसं वाटतं: 'कोणती लँग्वेज शिकतेयस?' ती 'पायथन' म्हणाली, तर पुढचा अर्धा तास पायथनवरच बोलू.