कुलपाऐवजी गाठ

आत कोणी यायचं ते कुलूप ठरवतं. दोरीची गाठ कोणालाच अडवत नाही. कोणी हात लावला होता, एवढंच नंतर सांगते. जपानने मोलाच्या वस्तू शतकानुशतकं अशा गाठींच्या हवाली केल्या, आणि मला तो भाबडेपणा वाटत नाही.

चहाविधीची भांडी किरीच्या हलक्या लाकडी पेटीत ठेवतात. तिच्यावर बहुधा 'सानादा हिमो' ही विणलेली सपाट पट्टी असते. उभ्याआडव्या धाग्यांमुळे ती फारशी ताणत नाही. 'कुमिहिमो' म्हणजे गोफ. त्याचे धागे तिरके जातात, म्हणून तो किंचित ताणतो आणि गाठ घट्ट धरून ठेवतो. (बाहेरच्यांना दोन्ही सारखेच दिसतात.) लाखकाम केलेल्या पत्रपेट्यांना असे रेशमी गोफ बांधत. तलवारींनाही गोफ लागत. 1876 मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली, तेव्हा गोफ विणणाऱ्यांचं मोठं गिऱ्हाईक गेलं आणि ते किमोनोच्या पट्ट्यावरच्या दोऱ्यांकडे वळले.

पण खरी गंमत 'फूजी-मुसुबी'त, म्हणजे मोहोरेसारख्या गाठींत आहे. सोळाव्या शतकातल्या यादवीच्या काळात चहात विष कालवलं जाण्याची धास्ती असे. म्हणून चहाच्या डबीच्या पिशवीला चहाविधी करणारे स्वतःलाच ठाऊक असलेली गाठ मारत, असं सांगतात. सोडणं कोणालाही जमेल. तशीच पुन्हा बांधणं जमणार नाही. किल्ली चोरता येते, बोटांची सवय कशी चोरणार?

या व्यवस्थेत एक उणीव आहे. गाठ आठवणारा आणि ती निरखून पाहणारा माणूस नसेल, तर ती नुसती शोभा. नारामधल्या शोसोइन या आठव्या शतकापासून चालत आलेल्या खजिन्याच्या कोठारात ही उणीव रीतीनेच भरून काढली आहे. तिथे कुलूप आहेच, पण त्यावर दोर गुंडाळून सम्राटाची सही असलेला कागद बांधतात. दर शरद ऋतूत सम्राटाचा दूत येतो, मोहोर शाबूत असल्याची खात्री करतो आणि मगच दार उघडतं. लोखंड असूनही भरवसा दोर-कागदावर.

औषधाच्या बाटलीच्या झाकणाखालची, पिरगळताच तुटणारी कडीही हेच काम करते, पण एकदाच. तुटली की तिचं काम संपलं. गोफाला मात्र पेटी उघडणाऱ्याकडून काम करून घ्यायचं असतं: वस्तू पाहून झाली, आता ती बांधून ठेव, आणि नीट बांध.