आतली भिंत, बाहेरची भिंत

घराला रंग कोणासाठी द्यायचा, हा प्रश्न आम्ही स्वतःला सहसा विचारत नाही. ईद तोंडावर आली किंवा घरात निकाह ठरला की रंगाचे डबे येतात. पैसा बेताचा असेल तर रंगारी न लावता घरचीच माणसे कुंचले हाती घेतात. पण आधी काय रंगते? रस्त्याकडची भिंत, मग बैठकीची खोली. डब्यात उरलेसुरले पाणी घालून वाढवायचे आणि ते स्वयंपाकघराला मारायचे. ज्या खोलीत अम्मीचा अर्धा दिवस जातो तीच धुराने काळवंडलेली राहते. जाहीर आणि बातीन एक असावे, हे आम्ही बयानात मान डोलावून ऐकतो. त्याची परीक्षा घराच्या भिंतीवरही होते, हे मात्र ध्यानात येत नाही.

स्वतः रंगवण्याने चार पैसे वाचतात हे खरे. पण त्याहून मोठा फायदा दुसराच आहे. रंगारी सांगितले तेवढे झाकून जातो. स्वतः पोपडे खरवडणाऱ्याला भिंत कळते. ओल गच्चीच्या भेगेतून येते, नळाच्या सांध्यातून की पायातून वर चढते, हे दिसते. ओलीवर ऑइलपेंट मारला तर पाणी आत कोंडते आणि काही दिवसांत फुगे येतात. चुन्याचे तसे नाही. चुनखडी भट्टीत भाजली की चुना होतो. तो पाण्यात विरवून भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो. तो आतली ओल बाहेर पडू देतो. मात्र विरवताना तो उकळतो, म्हणून डोळ्यांना आणि हातांना जपावे लागते.

चांद्रवर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे ईद सगळ्या ऋतूंतून फिरते. २०१४ ते २०१६ या तिन्ही वर्षी रमजान ईद जुलैत, ऐन पावसात आली. अशा वेळी ओल्या भिंतीला रंग फासणे म्हणजे पाहुण्यांसाठी भिंतीशी खोटे बोलणे होय. भिंत वाळेपर्यंत थांबले तर ईद काही फिकी होत नाही. स्वच्छ धुतलेले घरही ईदेला शोभते.

‘स्वतः’ या शब्दातही एक मेख आहे. बहुतेक घरांत कुंचला भाऊच्या हाती असतो. भांडी हलवणे, फरशीवरचे थेंब पुसणे हे अम्मीच्या आणि बहिणीच्या वाट्याला येते. रंग मात्र भाऊने दिला असे सांगितले जाते. आमचे पैगंबर (स.) आपले जोडे स्वतः शिवत आणि घरकामात हातभार लावत. ही रिवायत आम्ही वर्गात शिकवतो. मग घरातल्या मुलानेही फरशी पुसावी आणि मुलीनेही कुंचला धरावा.

स्वतः करण्यालाही मर्यादा हवी. दुमजली घराच्या बाहेरच्या भिंतीला परांची लागते. मजुरी वाचवायला घरच्या पोराला दोराने लोंबकळत सोडणे ही काटकसर नव्हे. जुना ऑइलपेंट कोरडा घासला तर त्यातल्या शिशाची धूळ उडते. ती लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. रंगातले शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला; भिंतींवरचे थर त्याआधीचे असू शकतात. म्हणून ते पाणी मारून ओलेच घासावेत आणि मुलांना, गरोदर बाईला दूर ठेवावे.

आणि ज्याला ऐपत आहे त्याने रंगाऱ्याला टाळू नये. आमच्या वस्त्यांतली कित्येक घरे याच कामावर चालतात. कामकऱ्याचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी ही शिकवण आम्हाला पाठ आहे. घासाघीस करून त्याची मजुरी तोडताना ती आठवली पाहिजे.

स्वच्छता हा ईमानाचा अर्धा हिस्सा आहे, हे आम्ही मुलांना शिकवतो. पण तो हिस्सा फक्त रस्त्यावरून दिसणाऱ्या भिंतीचा नाही. पुढच्या वेळी डबा उघडाल तेव्हा पहिला हात स्वयंपाकघराला द्या. बाहेरची भिंत एक वर्ष थांबली तर लोक चार दिवस बोलतील. आतल्या भिंतीशी ज्यांना रोज राहायचे आहे त्या बोलत नाहीत, म्हणून त्यांचा हक्क आधी.